मराठी-कन्नड-इंग्रजी लेटरहेडचा साचा वर्डमध्ये कसा बांधायचा

लेटरहेडची गरज बहुधा घाईतच पडते. मंडळाला मंडपाची परवानगी हवी असते, शाळेला बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला पत्र द्यायचं असतं, नाहीतर पतसंस्थेचं उत्तर आजच्या आज जायला हवं असतं. मग मागचं एखादं पत्र उघडायचं, मजकूर पुसायचा, नवा टाइप करायचा आणि प्रिंट काढायची. अशी चार-पाच पत्रं झाली की लोगो खाली घसरलेला असतो, तारीख गेल्या महिन्यातली राहते, आणि तहसीलदारांच्या पत्रात हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) विषय तसाच राहून जातो. चुकून 'सेव्ह' दाबलं गेलं तर जुनं पत्रही हातचं जातं.

यावर उपाय म्हणजे टेम्प्लेट, म्हणजेच साचा. साचा उघडला की वर्ड त्याची कोरी प्रत पुढ्यात ठेवतं आणि मूळ साच्याला हात लागत नाही. बांधायला तास-दीड तास पुरतो. त्यातला निम्मा वेळ सीमाभागात तीन लिप्या एका कपाळपट्टीत, म्हणजे पत्राच्या माथ्यावरच्या नाव-पत्त्याच्या पट्टीत, बसवण्यात जातो, म्हणून इथेही त्यावरच जास्त लिहिलं आहे.

कॉम्प्युटर चालू करण्याआधी

संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक आणि पॅन कार्ड समोर ठेवा. इंग्रजी नाव या तिन्हींवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, लेटरहेडवर यायला हवं. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० किंवा सौहार्द सहकारी कायदा १९९७ खाली नोंद असेल तर नोंदणी क्रमांकही त्यावरूनच घ्या, आठवणीतून लिहू नका.

गावाच्या नावाचा घोळ इथेच मिटवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं, त्यामुळे इंग्रजी आणि कन्नड पत्त्यात ते लिहायचं. मराठी ओळीत 'बेळगाव' लिहिलं तरी पत्र पोचतं, कारण पोस्टमन पिनकोड बघतो. मात्र संस्थेच्या नोंदवलेल्या नावातच जुनं इंग्रजी स्पेलिंग असेल तर नावात ते तसंच ठेवा आणि फक्त पत्ता बदला. आपल्या मनाने नाव 'सुधारलं' की बँक पत्र परत करते.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात. कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. निपाणी-कागल पट्ट्यात दोन्हीकडे दुकान असणारे बरेच आहेत. बेळगावच्या पत्त्याखाली २७ ने सुरू होणारा क्रमांक छापला गेला तर हिशेबनीस हैराण होतो. दोन नोंदण्या असतील तर साचेही दोन करा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे लेटरहेडवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन आणि ई-मेल द्यावा लागतो, आणि वेबसाइट असेल तर तीही. मंडळाला किंवा बचत गटाला हा कंपनीचा नियम लागू नाही.

लिप्या आणि फॉन्ट

पहिला प्रश्न युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षरं ओळखली जातील अशा प्रमाण पद्धतीचा. पुष्कळ संस्थांचं जुनं लेटरहेड डीटीपीवाल्याने श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं असतं आणि कन्नड ओळ नुडी किंवा बरहा या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात असते. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. अक्षरं नीट दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला तर जुना फॉन्ट, आणि तो साच्यात घेऊ नका. तुमच्या मशीनवर तो सुंदर दिसेल, पण सेक्रेटरीच्या लॅपटॉपवर फक्त कालाच उरेल. एवढ्या ओळी नव्याने टाइप करायला दहा मिनिटं पुरतात.

टाइप करण्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, तिथे 'ॲड अ लँग्वेज' करून मराठी आणि कन्नड दोन्ही घ्या. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबला की कीबोर्ड बदलतो. इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डची, सवय नसेल तर त्याच भाषेखाली फोनेटिक कीबोर्डही निवडता येतो. इन्स्क्रिप्टवर 'दुसऱ्या' मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट+जे ने ऱ, मग डी ने हलन्त, मग य. साधा र घेतला तर 'दुसर्या' होतं, आणि लेटरहेडवरची ती चूक वर्षभर प्रत्येक पत्रावर मिरवते.

कन्नड ओळ मात्र कन्नड लिहिणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. लिप्यंतर करणाऱ्या साधनांवर विसंबू नका. कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे लिहितात, मराठीत तो भेदच नाही. 'बेळगावी' मधला 'बे' कन्नडमध्ये ऱ्हस्व आहे. मराठीवरून लिप्यंतर केलं की तो दीर्घ होण्याची शक्यता मोठी, आणि वाचणाऱ्याला पहिल्याच अक्षरात खटकतं. शेजारच्या कन्नड शाळेतल्या गुरुजींना दोन मिनिटं दाखवलं तरी काम होतं.

फॉन्ट निवडताना वर्डची एक खोड माहीत असू द्या. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी इंग्रजीचा एक फॉन्ट आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा एक फॉन्ट असे दोन वेगळे लक्षात ठेवतं. देवनागरी आणि कन्नड दोघीही त्या दुसऱ्या खात्यात येतात, आणि खात्यात जागा एकाच फॉन्टची असते. तिथे मुक्ता हा फॉन्ट लावलात तर मराठी छान दिसेल, पण मुक्तामध्ये कन्नड अक्षरं नाहीत, म्हणून कन्नडसाठी वर्ड स्वतःच्या मर्जीने दुसरा फॉन्ट उचलेल. 'मी फॉन्ट बदलला तरी बदलत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून पत्राच्या मजकुरासाठी निर्मला यूआय लावा. विंडोज ८ पासून तो प्रत्येक विंडोजमध्ये येतो आणि त्यात देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही आहेत. दिसायला थोडा सरकारी वाटतो, पण कुठल्याही विंडोजवर उघडा, तसाच राहतो. कपाळपट्टीत जरा रुबाब हवा असेल तर जोड्या लावा: मराठीला नोटो सान्स देवनागरी आणि कन्नडला नोटो सान्स कन्नड, किंवा बलू २ आणि बलू तम्मा २. दोन्ही जोड्या गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि एकाच घरातल्या असल्याने शेजारी शोभतात. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्टही देखणा आहे, त्यातले ल आणि श मराठी वळणाचे आहेत. पण त्याला खरा ठळक प्रकार नाही. 'बी' दाबलंत तर वर्ड अक्षराला नुसता जाडा रंग फासतं आणि छपाईत 'क्ष', 'ष्ट' यांच्या पोटातल्या जागा बुजतात. तिरो वापरायचा तर साधाच ठेवा, आकार वाढवा.

बाहेरचा फॉन्ट घेतलात तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या पानावर 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' वर खूण करा. फाइल जड होते, पण फॉन्ट बरोबर जातो.

पान

लेआउटमध्ये साइज ए४ करा. काही मशीनवर वर्ड अमेरिकन 'लेटर' आकार धरून बसलेलं असतं. तो २१.६ गुणिले २७.९ सेंटिमीटर, आपला ए४ २१ गुणिले २९.७. स्क्रीनवर फरक कळत नाही, प्रिंटरवर खालचा पत्ता वर सरकतो.

मार्जिन असे ठेवा: वर २.५, खाली २, डावीकडे २.५, उजवीकडे २ सेंटिमीटर. डावीकडे जास्त का, तर ऑफिसात पत्र पंच होऊन फाइलला लागतं आणि कमी जागेत भोक थेट मजकुरात पडतं. मजकुराला रुंदी उरते १६.५ सेंटिमीटर. हा आकडा पुढे दोनदा लागणार आहे.

वरचं मार्जिन ५ सेंटिमीटर करू नका, ही हमखास होणारी चूक आहे. हेडर, म्हणजे पानाच्या वरचा राखीव भाग, मार्जिनपेक्षा उंच झाला की वर्ड मजकूर आपोआप खाली ढकलतं. हाताने ५ केलंत तर दुसऱ्या पानावरही वर पाच सेंटिमीटर कोरी जागा राहील.

कपाळपट्टी

पानाच्या वरच्या कोऱ्या भागात डबल क्लिक करा, हेडर उघडेल. वर येणाऱ्या पट्टीत 'डिफरंट फर्स्ट पेज' वर आधी खूण करा, मगच काही टाइप करा. उलट केलंत तर केलेलं काम दुसऱ्या पानाच्या हेडरमध्ये जाऊन बसतं आणि पहिलं पान रिकामं दिसतं. घाबरू नका, तिथून कट करून इकडे पेस्ट करता येतं.

आता हेडरमध्ये १ ओळ आणि ३ रकाने असलेलं टेबल घाला. टेबलच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑप्शन्स उघडून 'ऑटोमॅटिकली रिसाइज टू फिट कंटेंट्स' ची खूण काढा, नाहीतर लोगो टाकताच रकाने वेडेवाकडे होतात. रुंदी द्या २.८, १०.९ आणि २.८ सेंटिमीटर. बेरीज १६.५. कडेच्या सगळ्या रेषा काढून टाका, फक्त खालची ठेवा, १.५ पॉइंटची. हीच तुमची लेटरहेडची रेघ. 'शेप्स' मधून काढलेली रेघ पुढेमागे सरकते, टेबलची कड टेबलाबरोबरच राहते.

डाव्या रकान्यात लोगो, 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवून, २.५ सेंटिमीटर. नीट छपाईसाठी एवढ्या आकाराला किमान ३०० पिक्सेल रुंद चित्र लागतं, ६०० असेल तर उत्तम. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला लोगो दाबला गेलेला असतो आणि कडा फाटक्या दिसतात. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून मागवून घ्या. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी असेल तर मागे पांढरा चौकोन येत नाही. आणि वर्डच्या ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्डखाली, 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस' ही खूणही करून घ्या.

मधल्या रकान्यात नाव. मराठी २० पॉइंट, कन्नड १६, इंग्रजी १२, आणि त्याखाली पत्त्याची ओळ ९ पॉइंटला. हे आकडे सुरुवातीपुरते. वेगवेगळ्या फॉन्टांत एकाच पॉइंटची अक्षरं लहानमोठी दिसतात, तेव्हा शेवटचा निवाडा डोळ्याने करा. कुठली भाषा वर हा प्रश्न संस्थेच्या सभेत सोडवावा, कॉम्प्युटरसमोर नव्हे. एवढं मात्र खरं की पंचायत आणि तालुका कचेरीत आवक नोंदवणारा कारकून नाव कन्नडमध्ये शोधतो, आणि ती ओळ ठळक असली की पत्र टेबलावरून लवकर हलतं.

उजवा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. नाव पानाच्या बरोबर मध्ये यावं म्हणून तो तिथे आहे. स्थापना वर्ष किंवा नोंदणी क्रमांक तिथे टाकू शकता, पण फोन नंबरांची माळ नको. फोन, ई-मेल खाली फूटरमध्ये शोभतात. नंबर इंग्रजी अंकांत द्या, तिन्ही भाषांचे लोक तेच वाचतात.

नावाची अक्षरं कापली गेली तर कारण ओळींतलं अंतर. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे अक्षराखाली लटकणारी जोडाक्षरं, खाली बरीच उतरतात, मराठीचे उकार आणि वरच्या मात्रा दोन्हीकडे पसरतात. पॅराग्राफमध्ये ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' असेल तर वर्ड हे सगळं निर्दयपणे छाटतं. 'सिंगल' किंवा 'ॲट लीस्ट' करा, लगेच सुटतं.

टेबलखाली वर्ड एक रिकामा पॅराग्राफ ठेवतंच, तो पुसला जात नाही. त्याचा फॉन्ट ४ पॉइंट करा, म्हणजे फुकट जागा खाणार नाही. नावासाठी वर्डआर्ट वापरू नका. लिबरऑफिसमध्ये किंवा गुगल डॉक्समध्ये उघडलं की त्याची रयाच जाते.

हेडर बंद केला की सगळं फिकट दिसेल. पुष्कळ जण इथे दचकतात आणि रंग गडद करत बसतात. ते फिकटपण फक्त स्क्रीनवर असतं. कंट्रोल+पी करून बघा, रंग जागच्या जागी आहेत.

दुसरं पान

कंट्रोल+एंटर दाबून तात्पुरतं दुसरं पान करा आणि त्याच्या हेडरमध्ये एकच ओळ लिहा: डावीकडे संस्थेचं नाव ९ पॉइंटला, उजवीकडे 'पान' आणि पानाचा क्रमांक. क्रमांक हाताने टाइप करू नका, इन्सर्टमधल्या पेज नंबरवरून 'करंट पोझिशन' निवडा. 'डिफरंट फर्स्ट पेज' फूटरलाही लागू होतं, म्हणजे पहिल्या पानावर टाकलेला पत्ता दुसऱ्यावर दिसणार नाही. ते बरंच आहे. काम झालं की तो पेज ब्रेक पुसा, नाहीतर पुढचं प्रत्येक पत्र एका कोऱ्या पानासकट छापलं जाईल.

पत्राचा सांगाडा

पहिल्या ओळीत डावीकडे 'जा. क्र.' आणि उजवीकडे 'दिनांक'. दोन्हींच्या मध्ये स्पेसबार बडवू नका. १६.५ सेंटिमीटरवर उजवा टॅब लावा आणि एकदा टॅब दाबा. जावक क्रमांकात आर्थिक वर्ष घाला, उदाहरणार्थ '/२०२५-२६', आणि दर एप्रिलला ते साच्यात बदला.

तारखेत मोठा सापळा आहे. इन्सर्टमधली 'डेट अँड टाइम' घेऊन 'अपडेट ऑटोमॅटिकली' वर खूण केलीत तर जूनमध्ये पाठवलेलं पत्र डिसेंबरमध्ये उघडल्यावर डिसेंबरची तारीख दाखवतं. वाद कोर्टात गेला तर ही प्रत दाखवून काही उपयोग नाही. त्याऐवजी 'डेट पिकर' वापरा. तो डेव्हलपर टॅबवर असतो, आणि हा टॅब आधी ऑप्शन्समधल्या 'कस्टमाइज रिबन' मधून चालू करावा लागतो. डेट पिकरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेल मराठी केलं की महिना मराठीत येतो. निवडलेली तारीख मग बदलत नाही.

त्याच टॅबवरून 'प्लेन टेक्स्ट कंटेंट कंट्रोल' (मजकूर भरायची चौकट) घेऊन प्रति, विषय आणि संदर्भ यांच्या जागा करा. 'डिझाइन मोड' चालू केला की आतली सूचना बदलता येते: 'विषय इथे लिहा' असं. क्लिक करून टाइप केलं की सूचना जाते, त्यामुळे जुना विषय राहून जाण्याची भीती उरत नाही. मुख्य मजकुरासाठी कंट्रोल नको, साधी रिकामी ओळच बरी. खाली 'आपला विश्वासू' नंतर सही-शिक्क्यासाठी ४ सेंटिमीटर जागा सोडा. गोल शिक्का सहीवर चढला की दोन्ही वाचता येत नाहीत.

स्कॅन केलेली सही साच्यात कधीच घालू नका. साचा ज्याच्याकडे, सही त्याच्याकडे.

आता 'नॉर्मल' स्टाइल मॉडिफाय करून फॉन्ट निर्मला यूआय, १२ पॉइंट, ओळींचं अंतर १.१५ करा. फॉन्टच्या चौकटीत इंग्रजी आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स, दोन्ही खाती भरा. आकारही दोन्हीकडे वेगळा नोंदवावा लागतो, तो विसरला की इंग्रजी १२ आणि मराठी ११ असा सवतासुभा होतो.

सेव्ह

एफ१२ दाबा, प्रकार 'वर्ड टेम्प्लेट' निवडा. वर्ड आपणहून डॉक्युमेंट्समधल्या 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' या फोल्डरमध्ये जातं, तिथेच ठेवा. पुढे फाइल, न्यू, पर्सनल इथे साचा दिसेल. फोल्डरमधून डबल क्लिक केलं तरी कोरी प्रतच उघडते. साच्यातच दुरुस्ती करायची असेल तेव्हा फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन' निवडायचं. पत्र तयार झाल्यावर बाहेर पाठवायचं ते पीडीएफ, वर्डची फाइल नव्हे.

लिबरऑफिस असेल तर पायऱ्या याच, नावं वेगळी. पेज स्टाइलमध्ये हेडर चालू करून 'सेम कंटेंट ऑन फर्स्ट पेज' ची खूण काढा, शेवटी फाइल, टेम्प्लेट्स, 'सेव्ह ॲज टेम्प्लेट'. कंट्रोल+शिफ्ट+एन ने साच्यांची यादी उघडते. गुगल डॉक्समध्ये वैयक्तिक खात्याला साच्यासारखं काही मिळत नाही. तिथे लिंकच्या शेवटचं 'एडिट' पुसून 'कॉपी' हा शब्द इंग्रजीत लिहा आणि ती लिंक सभासदांना द्या. ज्याने त्याने आपली प्रत घ्यावी.

छापील कागद असेल तर

प्रेसमध्ये छापलेले कोरे लेटरहेड कपाटात पडून असतील तर ते वाया घालवू नका. साच्याची दुसरी प्रत करा आणि पहिल्या पानाच्या हेडरमधलं सगळं पुसा. छापील रेघ कागदाच्या वरच्या कडेपासून किती खाली आहे ते पट्टीने मोजा, त्यात अर्धा सेंटिमीटर मिळवा. हेडरमध्ये एकच रिकामी टेबल ओळ ठेवून तिची उंची 'एक्झॅक्टली' या मापाची करा, त्यातून हेडर पानाच्या वरून जितका खाली सुरू होतो ते अंतर वजा करून. ते अंतर सहसा १.२७ सेंटिमीटर असतं. म्हणजे रेघ ४.५ वर असेल तर ओळीची उंची ५ वजा १.२७, ३.७३ सेंटिमीटर. मग साध्या कागदावर एक प्रिंट काढून ती छापील लेटरहेडवर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात धरून बघा. मजकूर रेघेवर चढत असेल तर ओळीची उंची दोन-तीन मिलिमीटरने वाढवा आणि परत साध्याच कागदावर तपासा. ट्रेमध्ये कागद पालथा की उताणा, डोकं आत की बाहेर, हेही याच वेळी पेन्सिलीने खूण करून पाहून घ्या आणि ट्रेवर चिठ्ठी चिकटवून ठेवा.